होमरचं मुखपृष्ठ, ४०३.५० डॉलर आणि एक छापील डाग

अमेरिकी चित्रकार विन्स्लो होमरने काढलेलं म्हणून एक जुनं शीट म्युझिकचं, म्हणजे गाण्याच्या छापील स्वरलिपीचं, मुखपृष्ठ एका विक्रीच्या साइटवरून घेतलं. किंमत ३८५ डॉलर, टपालखर्च १८.५०. एकूण ४०३.५० डॉलर पाण्यात. हाती आली ती फुकटच्या स्कॅनवरून काढलेली इंकजेट प्रिंट.

मी नवखा नाही, हे आधीच सांगतो. विन्स्लो होमर १८५५ च्या सुमारास बोस्टनला बफर्डच्या लिथो (दगडावर खडूने चित्र काढून छापायच्या) छापखान्यात उमेदवारीला लागला आणि फेब्रुवारी १८५७ मध्ये, एकविसावं पुरं होताच, बाहेर पडला. शीट म्युझिकची मुखपृष्ठं ही त्या दिवसांतली कामं. ‘बफर्ड’ छापलंय म्हणजे होमरच, असं नसतं. तिथे चित्रकार बरेच होते. हे ठाऊक होतं म्हणूनच मुखपृष्ठावर छापलेलं कॉपीराइट नोंदणीचं साल पाहिलं : १८५६. पार्सल आल्यावर अतिनील दिवाही मारला; आजचा कागद त्यात बहुधा चमकतो. कागद चमकला नाही. चमकेल कसा? कुठल्यातरी जुन्या वहीचं कोरं पान होतं ते!

घात केला डागाने. खाली उजवीकडे चहासारखा डाग. विक्रेत्याच्या फोटोत तो पाहून मला वाटलं, वापरातली प्रत, म्हणजे अस्सल. तोच डाग, त्याच जागी, एका विद्यापीठाच्या स्कॅनमध्ये होता. पैसे भरायच्या आदल्या रात्री तो स्कॅन मी उघडला होता. चित्र रेघ न् रेघ ताडलं, डाग सोडून. दोन प्रतींवर डाग एकाच जागी पडतो का कधी?

दहापटीचं भिंग लावलं ते फ्रेम करताना, ३४ व्या दिवशी. लिथोत खडूची रेघ दगडाच्या खरखरीवर तुटते. कण ओबडधोबड, पण निव्वळ काळे. इथे काळ्या रेघेच्या कडेला निळे-गुलाबी शिंतोडे. डागातसुद्धा! भिंग पहिल्याच दिवशी लावा.

साइट म्हणाली, तज्ज्ञाचं पत्र आणा. १२० डॉलर मोजून आणलं. मग म्हणे, तक्रारीची मुदत ३० दिवसांचीच. अरे, मग पत्र मागितलंत कशाला? बँक विचारते, माल मिळाला ना? पोलिसांनी ‘दिवाणी बाब’ म्हणून कागद परत सरकवले. नकली वस्तू विकणं दिवाणी कधीपासून झालं?

मागच्या बाजूचा फोटो मागा. बांधीव खंडातून सोडवलेल्या प्रतीला डाव्या कडेला शिलाईची भोकं असतात. आतली स्वरलिपीची पानंही मागा. ती कोरीव पत्र्यावरून छापलेली असली तर कागदावर पत्र्याच्या कडेचा दाब दिसतो. नुसतंच मुखपृष्ठ असेल तर हात आखडता घ्या. आणि पेन्सिलीत ‘डब्ल्यू. एच.’ अशी सही दिसली तर पळाच; पगारी उमेदवार छापील प्रतींवर सह्या करत बसत नव्हता.

परवा तेच मुखपृष्ठ पुन्हा विक्रीला लागलंय, ४२५ डॉलरला. खाली उजवीकडे बघा.