आधी 'ट्रेसपास' की 'नर्सरी क्राइम'?

जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडचा सुरुवातीचा काळ ऐकायला घेतला की निवड या दोन अल्बमपाशी येऊन अडते. 'ट्रेसपास' ऑक्टोबर १९७०चा, 'नर्सरी क्राइम' नोव्हेंबर १९७१चा. दोन्ही लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले, दोन्हींचा निर्माता जॉन अँथनी, दोन्ही करिस्मा या रेकॉर्ड कंपनीचे आणि दोन्हींची मुखपृष्ठं पॉल व्हाइटहेडची. तरी कानाला दोन वेगळे बँड वाटावेत इतका फरक आहे. त्याआधीचा १९६९चा पहिला अल्बम इथे धरलेला नाही. चार्टरहाउस शाळेतल्या मुलांची ती गोड पॉप गाणी होती आणि त्यांच्यावर व्हायोलिनांचा थर चढवलेला होता. बँडचा स्वतःचा आवाज त्यात अजून नाही.

तो 'ट्रेसपास'मध्ये सापडतो, असं माझं ठाम मत आहे. बरेच जण हे श्रेय 'नर्सरी क्राइम'ला देतात, कारण ड्रमर फिल कॉलिन्स आणि गिटारवादक स्टीव्ह हॅकेट तिथे येतात आणि पुढे गाजलेली पाच जणांची मांडणी तिथे पूर्ण होते. पण जेनेसिसची खूण म्हणून आपण जे ओळखतो, ते अँथनी फिलिप्स आणि माइक रदरफर्ड यांच्या बारा तारांच्या गिटारांतून आलं. या गिटारीवर तारा जोडीजोडीने असतात आणि खालच्या सुरांच्या जोड्यांमध्ये एक तार वरच्या सप्तकात लावलेली असते. अशा दोन गिटारी एकाच वेळी वेगवेगळ्या जागी कॉर्ड धरून वाजल्या, की कोणता सूर कुणाचा हे कळेनासं होतं. १९६९च्या अखेरीपासून काही महिने ही मुलं सरे परगण्यातल्या एका एकाकी घरात राहून दिवसभर सराव करत होती. त्या एकांताचा गुण या अल्बममध्ये पुरेपूर उतरलाय.

त्यासाठी 'स्टॅग्नेशन' ऐका. सगळी मानवजात संपल्यावर जमिनीखाली एकटाच उरलेल्या श्रीमंत माणसाची ही जवळजवळ नऊ मिनिटांची गोष्ट आहे. कडवं-ध्रुवपद असा साचाच नाही. गिटारी हळूच सुरू होतात, टोनी बँक्सचा ऑर्गन वर चढतो, सगळं पुन्हा शांत होतं आणि शेवटाकडे गायक पीटर गेब्रियलची बासरी येते. ख्याल ऐकायची सवय असलेल्या कानाला ही सावकाश होणारी बढत परकी वाटणार नाही. 'द नाइफ' याच्या अगदी उलट, धडक मारणारं. त्यामागचं कारण आपल्याला जवळचं आहे: गेब्रियल तेव्हा गांधीजींवरचं पुस्तक वाचत होता आणि हिंसक क्रांतीच्या शेवटी एखादा हुकूमशहाच गादीवर बसतो, हे त्याला दाखवायचं होतं. मुखपृष्ठावरच्या चित्राला सुऱ्याने दिलेला उभा छेद याच गाण्यामुळे आला.

'ट्रेसपास' कमी पडतो तो ड्रम्समध्ये. जॉन मेह्यू ठेका धरून ठेवतो, पण गिटारी वळल्या तरी तो त्यांच्याबरोबर वळत नाही. 'व्हिजन्स ऑफ एंजल्स' आहे त्यापेक्षा बरंच लहान चाललं असतं.

मग मधलं वर्ष आलं. रंगमंचाची भीती आणि तब्येत यांमुळे फिलिप्सने बँड सोडला. बँड मोडतो की काय अशी वेळ होती. मेह्यूच्या जागी कॉलिन्स आला. काही काळ गिटारवादकच नव्हता, तेव्हा बँक्सने इलेक्ट्रिक पियानो फझ बॉक्समधून, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या यंत्रातून, वाजवून गिटारीच्या जागा भरल्या. ती खरखरीत धार त्याच्या वादनात पुढेही राहिली. १९७१च्या सुरुवातीला हॅकेट आला.

या बदलाचा परिणाम 'द म्युझिकल बॉक्स'मध्ये सर्वांत स्पष्ट ऐकू येतो. गाण्याचा पाया फिलिप्सच्या काळातलाच आहे, म्हणजे गिटारींची तीच वीण. पण आता तिच्याखाली कॉलिन्स आहे. तो प्रत्येक वळणाला साथ देतो, थांबायचं तिथे थांबतो आणि उसळी घ्यायची तिथे सगळ्यांना उचलून नेतो. क्रोके या चेंडू टोलवायच्या खेळातल्या दांड्याने मुंडकं उडालेला लहानगा हेन्री संगीतपेटीतून परत येतो आणि बघता बघता म्हातारा होतो. आयुष्यभराची वासना एका क्षणात अंगात आलेल्या त्या म्हाताऱ्याची शेवटची हाक गेब्रियल ज्या आवाजात देतो, तशी जागा 'ट्रेसपास'मध्ये कुठेही नाही. 'द रिटर्न ऑफ द जायंट हॉगवीड'मध्ये हॅकेटचं टॅपिंग आहे, म्हणजे गिटारीच्या पट्टीवरच बोटांनी तारा ठोकून वाजवणं; रॉकमध्ये ते तेव्हा जवळपास कुणी करत नव्हतं. 'द फाउंटन ऑफ साल्मेसिस'मध्ये मेलोट्रॉनच्या, म्हणजे टेपवर मुद्रित केलेले वाद्यांचे सूर वाजवणाऱ्या कीबोर्डच्या, लाटा येतात. इटलीतल्या श्रोत्यांनी हा अल्बम इंग्लंडच्या आधी उचलून धरला.

मात्र सलग ऐकायला 'नर्सरी क्राइम' खडबडीत आहे. 'हार्लेक्विन' फिकं आहे, 'सेव्हन स्टोन्स' मला कधीच फारसं धरून ठेवत नाही. तीन मोठी गाणी उंच आणि मधली जागा सखल. 'ट्रेसपास'ला एवढी उंची नाही, पण त्याची हवा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे.

तेव्हा रॉकमधून येत असाल, ड्रम्सशिवाय करमत नसेल किंवा कॉलिन्सची ऐंशीच्या दशकातली गाणी ऐकून मागे मागे येत असाल, तर 'नर्सरी क्राइम' घ्या. लोकसंगीताच्या अंगाची, बारा तारांची गिटार आवडत असेल आणि चाळीस मिनिटं एकाच जागी बसायची तयारी असेल, तर 'ट्रेसपास'. तेवीस मिनिटांच्या 'सपर्स रेडी'साठी १९७२चा 'फॉक्सट्रॉट' ऐकायचा बेत आधीच असेल, तर 'ट्रेसपास' मुळीच गाळू नका. एवढं लांब गाणं तोलून धरायची कला त्यांनी तिथेच कमावली.

दोन्ही एलपी मिळत असतील तर 'ट्रेसपास'ची दुसरी बाजू आधी लावा: 'स्टॅग्नेशन', 'डस्क', 'द नाइफ'. लगेच 'नर्सरी क्राइम'ची पहिली. डिजिटलवर ऐकणार असाल तर निक डेव्हिसने केलेलं नवं मिक्स, म्हणजे त्याच ध्वनिमुद्रणातल्या वाद्यांचा नव्याने जुळवलेला तोल, बघा. जुन्या मिक्समध्ये गिटारी एकमेकींत मिसळून धूसर होतात, नव्यात त्या सुट्या ऐकू येतात. 'ट्रेसपास'साठी मी नवंच निवडेन. 'नर्सरी क्राइम'चं जुनं मिक्स मात्र मला अजूनही जास्त जवळचं वाटतं, कारण 'म्युझिकल बॉक्स'चा शेवट त्यात जास्त अंगावर येतो.