अबार्थ पुंटो: ठेवायची की फोक्सवॅगन वर्टससाठी काढायची?

2015 साली 9.95 लाखांना (दिल्ली एक्स-शोरूम) आलेली फियाटची अबार्थ पुंटो. रांजणगावची पैदाईश, 1.4 टी-जेट टर्बो पेट्रोल, 145 अश्वशक्ती, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क. बडोदा-अहमदाबाद एक्सप्रेसवेवर ओव्हरटेकला अजूनही दम कमी पडत नाही आणि हायड्रॉलिक स्टीअरिंगचा हातातला वजनदारपणा हल्लीच्या गाड्यांत शोधूनही सापडत नाही. इंजिनापायी ही गाडी विकायची वेळ सहसा येत नाही, पार्टपायी येते.

फियाटनं 2019 मध्ये इथलं उत्पादन गुंडाळलं. इंजिन फियाटच्याच लिनिया टी-जेटच्या घराण्यातलं असल्यानं फिल्टर, टायमिंग किट मिळून जातं. पंचाईत होते ती काच, बंपर, हेडलाइट यांची. नेहमीच्या पुंटो इव्होचे बरेच पार्ट बसतात, पण तेही दिसतील तेव्हा उचलून ठेवलेले बरे. अपघातानंतर शोधायला निघालात तर गाडी वर्कशॉपच्या कोपऱ्यात धूळ खात पडते, विमा असूनही.

ठेवायची असेल तर पहिला खर्च टायमिंग बेल्टचा. किलोमीटर कमी असले तरी पाच वर्षांत बदला. बडोद्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं रबरही म्हातारं होतंच. वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकदमच टाका. पंपाचे पैसे वाचवलेत आणि तो पुढं गळला, तर सगळी मजुरी पुन्हा. बेल्ट आवाज करून आगाऊ सूचना देत नाही. तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, हेड उतरतं आणि बिल पाहून गाडी भंगारात काढावीशी वाटते.

ओढ कमी झाली की काही मेकॅनिक थेट नवा टर्बो सांगतात. आधी डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (टर्बोचं जादा प्रेशर सोडणारा) रबरी पडदा आणि टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपांच्या क्लिपा बघायला लावा. पडदा फाटला की प्रेशर टिकत नाही, आणि तो टर्बोच्या मानानं किरकोळ खर्च. ऑइल 5डब्ल्यू-40 फुल सिंथेटिक, 7-8 हजार किलोमीटरला. स्पीडब्रेकरवर पुढून टकटक आली तर लोअर आर्मचे बुश, स्ट्रटचे माउंट.

ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल या गाडीच्या जन्मानंतरचं. फ्युएल लाइनच्या रबरी नळ्या दर सर्व्हिसला तपासा, आणि अर्ध्या टाकीवर महिनोन्महिने उभी करू नका. इथेनॉल हवेतली ओल ओढतं.

आता खास बडोद्याची गोष्ट. ऑगस्ट 2024 च्या विश्वामित्री नदीच्या पुरात उभी असलेली गाडी असेल तर मोह सोडा, काढून टाका, पण गिऱ्हाइकाला सांगून. दुसऱ्याची घेत असाल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत गाळाची रेघ दिसते. पुढच्या सीटखालचे कनेक्टर हिरवट पडलेत का पाहा, स्टेपनीची खाचही बघा. वरून पॉलिश कोणीही करतं.

आरसीची काळजी तूर्त नको. दिल्लीतली दहा वर्षांची अट तिथं आहे आणि तीही डिझेलला. आपल्याकडे पंधरा वर्षांनी फिटनेस करून नूतनीकरण होतं.

बदलायचीच तर वर्टस जीटी 1.5: 150 अश्वशक्ती, 250 न्यूटन-मीटर. टॉर्क भरपूर, सीट ऐसपैस, ग्राउंड क्लिअरन्स 179 मिमी (अबार्थचा 155). मागे मात्र ड्रम ब्रेक, या किमतीला हे खटकतं. खरा फरक सुरक्षेचा: सहा एअरबॅग आणि ईएससी (घसरती गाडी सावरणारी यंत्रणा). अबार्थला दोन एअरबॅग नि एबीएस, बस्स. रोज मुलं मागे बसवून हायवेला जायचं असेल तर एवढ्यावर निर्णय झाला समजा. एकट्यानं रविवारी पावागढची चक्कर मारण्यापुरती हवी असेल तर बेल्ट बदला आणि अबार्थच ठेवा.

वर्टस घेतलीत तर मॅन्युअलच घ्या. डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा क्लच कोरडा असतो. अलकापुरीच्या गरनाळ्याजवळ (रेल्वेखालचा भुयारी रस्ता) संध्याकाळी रांगत-रांगत चालवलं की तो तापतो, आणि वॉरंटी संपल्यावर ते दुखणं आपल्याच खिशाला.