ऑडिटरच्या रकान्यात गोळा कुणाचा भरायचा? मॅसॅच्युसेट्समधला तिसऱ्या पक्षाचा पर्याय

टपालाने आलेली मतपत्रिका जेवणाच्या टेबलावर उघडली की वरचे दोन-तीन गोळे आमच्या घरी चटकन भरले जातात. गव्हर्नर, काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद), यांवर महिनाभर वाद घालून झालेला असतो. पेन अडतं ते खाली, ‘ऑडिटर’ या ओळीपाशी. २०२२ साली त्या ओळीखाली पाच नावं होती. डेमोक्रॅटिक पक्षाच्या डायना डिझोग्लिओ, रिपब्लिकन अँथनी अमोरे, ग्रीन-रेनबो पक्षाच्या ग्लोरिया कबालेरो-रोका, लिबर्टेरियन डॅनियल रीक आणि वर्कर्स पार्टीचे डॉमिनिक जियानोन. श्रूजबरीत राहणाऱ्या माझ्या भाच्याचं नागरिक झाल्यावरचं हे पहिलं मोठं मतदान. त्याचा फोन आला, “मामा, तिसऱ्याला दिलं तर मत वायाच ना?”

तेव्हा मी घाईत “हो, जवळपास” असं म्हणालो. पुढे या राज्यातले ऑडिटरच्या निवडणुकांचे जुने आकडे बघितले आणि ते उत्तर अर्धवट होतं हे लक्षात आलं. पुढची ऑडिटरची निवडणूक नोव्हेंबर २०२६ ची. ज्यांचं पेन त्याच ओळीवर अडतं, त्यांच्यासाठी हा हिशेब.

आधी हे पद काय आहे ते. आपल्या डोक्यात ऑडिटर म्हटलं की ‘कॅग’ येतो. भारताच्या घटनेच्या कलम १४८ नुसार त्याला राष्ट्रपती नेमतात, सहा वर्षं किंवा वयाची पासष्टी, जे आधी होईल तोवर. त्याला हटवायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतकीच अवघड प्रक्रिया. त्याला मत देण्याचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेत सुमारे निम्म्या राज्यांमध्ये हा माणूस लोक निवडतात. मॅसॅच्युसेट्समध्ये हे पद १८४९ पासून आहे, मुदत चार वर्षांची. राज्याच्या प्रत्येक खात्याची तपासणी निदान तीन वर्षांतून एकदा व्हावी असा कायदा आहे. राज्याने गावांवर पैसे न देता लादलेल्या खर्चाचा निवाडा आणि सरकारी मदतीतल्या फसवणुकीचा तपास हेही याच कार्यालयाकडे. आणि उमेदवार सीए असलाच पाहिजे अशी अट नाही. १९८७ पासून २०११ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षं, या खुर्चीवर बसलेले जो डीनुची हे एकेकाळचे व्यावसायिक मुष्टियोद्धे होते!

यावर हसू येतं, पण तुलनेची पहिली फूटपट्टी इथेच सापडते. वह्या तपासतात ते कार्यालयातले पगारी, प्रशिक्षित लोक. निवडून आलेला माणूस ठरवतो कुठल्या खात्याच्या दारावर आधी थाप मारायची, अहवालाची भाषा किती कडक ठेवायची आणि खात्याने कागद दिले नाहीत तर किती ताणून धरायचं. त्यामुळे ‘याला हिशेब कळतो का’ हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिला प्रश्न असा, की हा कुणाला घाबरतो?

इथे तिसऱ्या पक्षाची बाजू सगळ्यात जड वाटते. या राज्याच्या विधिमंडळात पाचपैकी चारहून अधिक जागा डेमोक्रॅट्सच्या. बहुतेक वेळा ऑडिटरही त्यांचाच. म्हणजे वाड्याचा मालक आणि वाड्याचा राखणदार एकाच घरचे. रिपब्लिकन उमेदवार म्हणतो, मला आणा, मी परका आहे. तिसरा म्हणतो, मी दोघांनाही परका. तर्क बिनतोड आहे, आणि मला तो बरेच दिवस पटलेला होता.

मग २०२३ आलं. विधिमंडळाचंच ऑडिट करते म्हणून उठल्या त्या डिझोग्लिओ, स्वतः आमदारकी आणि सिनेट करून आलेल्या, त्याच बहुमतवाल्या पक्षाच्या. विधिमंडळाने नकार दिला. राज्याच्या मुख्य कायदा अधिकारी, म्हणजे अॅटर्नी जनरल, अँड्रिया कॅम्पबेल, त्याही डेमोक्रॅटच, म्हणाल्या की सध्याच्या कायद्यात असा अधिकार नाही. डिझोग्लिओंनी तो प्रश्न २०२४ च्या मतपत्रिकेवर नेला आणि सुमारे ७२ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. तरीही विधिमंडळाने दार उघडलं नाही. विधिमंडळाचं ऑडिट दुसऱ्या सत्ताशाखेने करावं का, हा घटनात्मक वाद बाजूला ठेवू, त्यात दोन्ही बाजूंना दम आहे. आपल्या प्रश्नापुरता धडा वेगळा. घरातलाच माणूस घरच्यांशी भांडू शकतो. आणि परका माणूस आपोआप निःपक्ष असतो असंही नाही.

हे दुसरं वाक्य थोडं उलगडतो, कारण तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराची खरी परीक्षा तिथे आहे. लहान पक्ष बहुधा एका ठाम विचारावर उभे असतात. लिबर्टेरियन पक्षाला सरकार लहान हवं. ग्रीन-रेनबोला पर्यावरण आणि सामाजिक न्यायासाठी सरकारने जास्त काही करायला हवं. विचार म्हणून दोन्ही ठीक. पण हे खातं मुळात असूच नये असं मानणारा त्या खात्याचा हिशेब तपासायला बसला, किंवा याला आणखी पैसे मिळायलाच हवेत असं मानणारा बसला, तर निकाल आधी आणि तपासणी मागाहून असं होण्याचा धोका असतो. अमेरिकेतल्या सरकारी ऑडिटची जी नियमावली आहे, पिवळ्या मुखपृष्ठामुळे तिला ‘यलो बुक’च म्हणतात, तिच्यात ऑडिटरच्या मनाच्या स्वातंत्र्यावर फार भर आहे. म्हणून तिसऱ्या उमेदवाराचं पत्रक हातात आलं की मी एवढंच बघतो: त्याच्या भाषणातून ‘ऑडिटर’ शब्द काढून ‘गव्हर्नर’ घातला तरी भाषण तसंच राहतं का? राहत असेल तर त्याला हे पद नको आहे, व्यासपीठ हवं आहे. बसची वाहतूक, तुरुंग, शाळांचं अनुदान यांपैकी एखाद्या खात्याचं नाव घेऊन तिथे काय तपासणार हे जो सांगतो, त्याला मी पुढच्या फेरीत घेतो. (हीच चाळणी मोठ्या दोघांनाही लावावी. तिथेही बरेच जण गळतात.)

कौशल्याच्या बाबतीत मोठे पक्षही ऐकायला मजेदार माणसं देतात. अमोरे बोस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयाचे सुरक्षाप्रमुख. १९९० साली तिथून तेरा कलाकृती चोरीला गेल्या, त्या अजून सापडलेल्या नाहीत, आणि त्या शोधणं हे त्यांचं काम. तपासाची सवय असलेला माणूस ऑडिटरला वाईट नाही, असं मला तेव्हाही वाटलं होतं. २०१० सालच्या रिपब्लिकन मेरी कॉनॉटन तर सीएच होत्या, आणि टर्नपाइक या टोलच्या महामार्गाच्या मंडळावर बसून त्यांनी तिथल्या खर्चावर टीका केलेली. त्याच वर्षी ग्रीन-रेनबोतर्फे उभे असलेले नथॅनियल फॉर्च्यून हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. निवडून आल्या डेमोक्रॅट सुझॅन बंप. त्या वकील, आधी आमदार आणि नंतर राज्याच्या कामगारमंत्री.

आता भाच्याचा प्रश्न. मत वाया जातं का?

मराठी माणसाला हे गणित शिकवायला नको. २०१९ ची नांदेडची लोकसभा आठवा. अशोक चव्हाण सुमारे चाळीस हजारांनी पडले आणि वंचितच्या उमेदवाराला दीड लाखाच्या वर मतं होती. तेव्हापासून ‘मतं खाल्ली’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे घरोघरी झाला. तोच चष्मा लावून आपण इथली मतपत्रिका वाचतो. पण मॅसॅच्युसेट्सच्या ऑडिटर निवडणुकीला तो चष्मा कधी बसतो, कधी अजिबात बसत नाही.

२०१० ला बसल्यासारखा वाटतो. बंप आणि कॉनॉटन यांच्यात जेमतेम दोन टक्क्यांचं अंतर, आणि फॉर्च्यून यांना सुमारे पाच टक्के. पण नीट बघा. ग्रीन पक्षाचे मतदार फॉर्च्यून नसते तर रिपब्लिकन सीएकडे गेले असते की डेमोक्रॅटकडे? बहुधा जास्त डेमोक्रॅटकडे, म्हणजे बंप आणखी मोठ्या फरकाने जिंकल्या असत्या. तिसऱ्याची मतं फरकापेक्षा जास्त आहेत एवढ्यावरून त्याने निकाल फिरवला असं ठरत नाही. ती मतं कुणाच्या ताटातली होती हे बघावं लागतं. तरीही अशा चुरशीच्या वर्षी तिसऱ्याकडे जाणारा मतदार एक जोखीम घेतो, आणि ती त्याने डोळे उघडे ठेवून घ्यावी. विशेषतः २०२० साली इथल्या मतदारांनी पसंतीक्रमाने मत देण्याचा प्रस्ताव साधारण ५५ विरुद्ध ४५ असा फेटाळल्यामुळे. तो मंजूर झाला असता तर पहिली पसंती ग्रीनला, दुसरी डेमोक्रॅटला, असं लिहून निवांत झोपता आलं असतं. आता ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, दुसरी फेरी नाही.

२०१८ मात्र वेगळं. बंप ६२ टक्क्यांच्या आसपास, रिपब्लिकन हेलन ब्रेडी ३१ च्या आसपास. लिबर्टेरियन डॅनियल फिशमन यांना चारहून थोडी अधिक. इथे कुणी कुणाचं काही खाल्लं नाही, तीस टक्क्यांच्या दरीत चार टक्के कुठे दिसणार? पण त्या चार टक्क्यांनी दुसरं एक काम केलं, आणि ते आपल्या लोकांना सहसा माहीत नसतं. या राज्यात कुठल्याही राज्यव्यापी पदासाठी तीन टक्के मतं मिळाली की पक्षाला अधिकृत दर्जा मिळतो आणि उमेदवार ठरवायला त्याची स्वतःची प्राथमिक निवडणूक होते. म्हणजे अशा वर्षी तिसऱ्याला मत देताना पल्ला ५१ चा नसतो, ३ चा असतो. २०२२ मध्ये ऑडिटरच्या शर्यतीत तिन्ही लहान उमेदवार याच उंबरठ्याच्या अलीकडे थांबले. डिझोग्लिओ ५५, अमोरे ३८ च्या जवळ, उरलेले तिघे दोन-तीन टक्क्यांच्या घरात, तीनच्या आत. एकमेकांची मतं खाल्ली असतील तर ती या तिघांनीच.

सगळ्यात बोलकं उदाहरण २००६ चं. त्या वर्षी डीनुचींसमोर रिपब्लिकन पक्षाने कुणी उभाच केला नाही. समोर उरले कामगार चळवळीतले रँड विल्सन, वर्किंग फॅमिलीज पार्टीचे. मिळाले सुमारे १९ टक्के! जवळजवळ प्रत्येक पाचातला एक मतदार. निवडून येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण जवळपास वीस वर्षांच्या गादीवर कुणीतरी प्रश्न विचारतो आहे याची नोंद आकड्यात झाली. तसंच २०२२ मध्ये शेजारच्या ओळीत, खजिनदाराच्या पदासाठी, घडलं. रिपब्लिकन नाही म्हणून लिबर्टेरियन क्रिस्टिना क्रॉफर्ड एकट्याच समोर, आणि त्यांना २३ टक्क्यांच्या आसपास. ऑडिटरच्या ओळीत त्यांच्याच पक्षाच्या रीक यांना जे जमलं नाही ते, म्हणजे तीनचा उंबरठा, खजिनदाराच्या ओळीत सहज पार झालं. तोच पक्ष, तीच मतपत्रिका, तोच दिवस.

पेनसिल्व्हेनियात राहत असाल तर मात्र माझं गणित जसंच्या तसं उचलू नका. तिथे ऑडिटर जनरलची निवडणूक खरोखर घासून होते. २०२० मध्ये रिपब्लिकन टिमोथी डीफूर यांनी, मूळच्या बांगलादेशच्या नीना अहमद यांना, सुमारे दोन लाख मतांनी हरवलं. लिबर्टेरियन जेनिफर मूर यांना मिळालेली मतंही दोन लाखांच्या थोडी वरच. फिलाडेल्फियातल्या माणसाने तिसऱ्याकडे वळताना दोनदा विचार केला तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही.

मग मी काय करतो? ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत मोठ्या दोघांमधलं अंतर दोन आकडी दिसत असेल, आणि तिसऱ्याने एखाद्या खात्याचं नाव घेऊन काही ठोस सांगितलेलं असेल, तर मी तिसऱ्याला देतो. मोठ्यांपैकी एकच उमेदवार असेल तर चाळणी आणखी सैल करतो, कारण बिनविरोध राखणदार हा प्रकार मला मुळात आवडत नाही. अंतर पाच टक्क्यांच्या आत असेल तर दोघांपैकीच एक निवडतो, आणि तिथे डिझोग्लिओ प्रकरणानंतर मी पक्षाचं नाव शेवटी वाचतो. तिघेही सगळीकडे तेच भाषण करत असतील तर ओळ कोरी ठेवतो. यावर आमच्या घरात एकमत नाही, बायकोच्या मते कोरी ओळ म्हणजे आळस.

राज्यातर्फे घरोघरी येणाऱ्या त्या लाल पुस्तिकेवर या बाबतीत विसंबू नका. तिच्यात सार्वमताच्या प्रश्नांची दोन्ही बाजूंनी माहिती असते, उमेदवारांची नाही. पैसा कुणाकडून आला हे बघायचं तर राज्याच्या प्रचारखर्च कार्यालयाच्या नोंदी खुल्या आहेत.

भाच्याला हल्ली एवढंच सांगतो, की नोव्हेंबरची वाट बघू नकोस. ऑडिटरसाठी मतपत्रिकेवर यायला पाच हजार मतदारांच्या ग्राह्य सह्या लागतात, गव्हर्नरला दहा हजार. मोठ्या पक्षांकडे त्यासाठी फौज असते. लहान पक्षाचा माणूस उन्हाळ्यात किराणा दुकानाच्या दारात पाटी घेऊन एकटा उभा असतो आणि आपण गाडीत सामान टाकायच्या घाईत असतो. सही म्हणजे मत नव्हे, तिने कुणाचं काही फुटत नाही. थांबून त्याला विचार, कुठल्या खात्यापासून सुरुवात करणार? उत्तर आवडलं तर सही कर. नाही आवडलं तर त्याला निदान कळेल की कुणीतरी हा प्रश्न विचारतो.