तळ्याकाठचा लँडस्केपचा क्लास: जावं का नाही?

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठी वॉटरकलरमध्ये निसर्गचित्रं शिकवणाऱ्या क्लासला जावं का, असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. सरांचं नाव देत नाही, त्यांना ते आवडत नाही, आणि तसंही सोलापुरात चित्रं काढणाऱ्या कुणालाही विचारा, सिद्धेश्वर तलावाकडं बोर्ड घेऊन बसणारे सर म्हटलं की लगेच नंबर मिळतो.

आधी एक क्लिअर करतो. चार रविवारात हॉलमध्ये लावायला फ्रेम तयार व्हावी असं ज्याला वाटतंय त्यानं हा क्लास लावू नये, पैसे वाया जातील. शनिवार-रविवार सकाळी सहाची बॅच असते, उन्हाळ्यात साडेपाच, आणि पहिल्या दिवशी तर रंगाचा डबा उघडूच देत नाहीत. बसायचं, बघायचं, पेन्सिलनं काडेपेटीएवढे चौकोन पाडून त्यात फक्त तीनच टोन भरायचे, उजेड, मधला, गडद. माझ्या शेजारी एक कॉलेजचा पोरगा मोबाइलवर फोटो काढून त्यावरनं स्केच करत होता तर सर मागनं येऊन म्हणाले, "का बे, समोर एवढा किल्ला उभाय अन् तू त्याचा फोटो बघायलास?" पोरगा दुसऱ्या आठवड्यात आलाच नाही. ताई-काकूंना मात्र अहो-जाहो, त्यात फरक करतात हे खरंय आणि मला ते पटत नाही.

पण शिकवणं... भारी आहे हो. आणि मुख्य म्हणजे सोलापूरचं शिकवतात. यूट्यूबवर जे वॉटरकलर शिकवतात ते बहुतेक थंड नाहीतर दमट हवेतले लोक, कागद ओला करा, निवांत रंग सोडा, पसरू द्या वगैरे. इथं एप्रिलमध्ये आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, डावीकडनं सुरू केला की उजवीकडं पोचेपर्यंत डावी बाजू वाळलेली असते आणि मधोमध कडक रेघ. सर ३०० जीएसएमचा म्हणजे चांगला जाड कॉटन कागद घ्यायला लावतात, दोन्ही बाजूंनी भिजवतात आणि प्लास्टिकच्या शीटवर थापतात, मागची ओल पुढच्या बाजूला बराच वेळ धरून राहते आणि तेवढ्यात आभाळ होऊन जातं. पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकायचं पण सांगतात पण जपून, जास्त झालं तर रंग चिकट राहतो आणि धूळ बसते. आपल्याकडं धुळीची काय कमी आहे.

रंगाचं तर वेगळंच. डब्यातला सॅप ग्रीन, म्हणजे तयार हिरवा, बंद म्हणजे बंद. म्हणतात सोलापुरात असलं हिरवं बघितलंय का कुठं, बाभूळ बघा, लिंब बघा, सगळ्यावर खाकी बसलेली असते. मग येलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि वर किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), की बरोबर आपल्या रस्त्याकडेचं झाड येतं. काळी जमीन करायला काळा रंग घ्यायचा नाही, तेच अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, निळं जास्त ठेवलं की उन्हातलं ढेकूळ आणि सिएना वाढवली की नांगरट. मी मूळचा मंगळवेढ्याकडचा, ज्वारीची रानं बघतच मोठा झालोय, पण काढणी झाल्यावर मोकळं रान दुपारी जांभळट दिसतं हे यांनी सांगितल्यावर दिसायला लागलं, आता एसटीतनं जाताना तेवढंच बघत बसतो.

किल्ल्याचा तट मात्र समोर बसून करून दाखवला तो लक्षात राहिला. सगळे दगड काढायचेच नाहीत. आख्ख्या भिंतीवर एकच करडा वॉश, तो अर्धवट ओला असताना ब्रशच्या टोकानं सात-आठ दगड, तेही सावलीच्या कडेला, आणि ऊन पडतं तिथं कागद कोरा. एवढ्यात भिंत उभी राहिली राव, आणि जवळनं बघितलं तर नुसते डाग. नऊ वाजले की मात्र सावल्या आखडतात, सगळं पांढरं फटक होतं, मग सर स्वतःच ब्रश धुतात आणि चहाला नेतात.

चहाच्या टपरीवरच खरा क्लास होतो असं माझं मत. तिथं ते आबालाल रहिमान यांच्याबद्दल भरभरून बोलतात, कोल्हापूरचे, शाहू महाराजांच्या दरबारातले चित्रकार, १९३१ मध्ये गेले. ते कोटितीर्थ तलावाकाठी राहायचे आणि तिथलीच चित्रं परत परत काढायचे, आणि १९२२ मध्ये महाराज गेल्यावर दुःखात कितीतरी चित्रं त्याच तळ्यात सोडून दिली असं सांगतात. फ्रेंच चित्रकार मोनेच्या गवताच्या गंजींच्या चित्रांचं पण सांगितलं, १८९०-९१ मधली, उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. सरांचंही तसंच, तलावातलं देऊळ आणि किल्ला त्यांनी वर्षानुवर्षं काढलाय, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतला पाळण्यांसकट वेगळा, मे महिन्यात पाणी खाली गेल्यावर वेगळा. बॅगेतली जुनी स्केचबुकं बघायला देतात, नक्की मागा. एकात होटगी रोडकडनं सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी आहे, विमानांना अडते म्हणून २०२३ च्या जूनमध्ये पाडली ती. पाडायला हवी होती का नको यावर टपरीवर भांडण लागलं, एक गट विमानसेवेचा, एक कारखान्याचा, सर काहीच बोलले नाहीत. नंतर म्हणाले आता त्या जागेवरनं कंपोझिशनच, म्हणजे चित्राची मांडणीच, बसत नाही, उभी रेघच गेली, गेलो होतो, तासभर बसून कोरा कागद घेऊन परत आलो. मला वाटलं लावतील एखादं झाड तिथं मनानं, चित्रच तर आहे. तर म्हणाले, "मग मी घरी बसूनच काढीन की, इथं कशाला यायचं?"

आता तक्रारी. फी महिन्याला दीड हजार, कागद-रंग आपले, आणि कॉटनचा कागद स्वस्त नाही, एका शीटचे चार तुकडे करून वापरा. लेडीजसाठी बाथरूमची सोय विचारून घ्या, हिपरग्याच्या तलावावर नेलं तेव्हा काहीच नव्हतं आणि दोघी जणी मधूनच परत गेल्या, हे आधी सांगायला पाहिजे होतं. तो तलाव मात्र बघण्यासारखा, १८७१ चा, इंग्रजांनी अडवलेलं पाणी, थंडीत पक्षी येतात. जागा आदल्या रात्री अकराला ग्रुपवर टाकतात, तोवर माणूस झोपलेला असतो. आणि कौतुक फार कमी, पूर्व भागातल्या एक आजी आहेत, घरात तेलुगू बोलतात, साठी ओलांडल्यावर ब्रश धरलाय, त्यांच्या कंबर तलावाच्या चित्राला फक्त "हं, पाणी बसलंय" म्हणाले. आजी दिवसभर खूश होत्या.

लहान पोरांना घालू नका, कंटाळतील. दहावी-बारावीनंतर एलिमेंटरी-इंटरमीडिएट या ड्रॉइंगच्या परीक्षा झालेली पोरं असतील तर जरूर, पण परीक्षेची तयारी म्हणून नको. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो बाथरूम आणि रात्री अकराच्या मेसेजसाठी. नवीन बॅच दिवाळीनंतर आहे, टोपी, पाण्याची मोठी बाटली आणि बसायला घडीचं स्टूल न्या, तलावाच्या पायऱ्या उन्हाळ्यात सकाळी पण गार नसतात.