गावच्या पडद्यावर समानतेचे लघुपट: जळगावहून फिरणाऱ्या एका सेवेची पारख

एका गावात एका संध्याकाळचे साडेसहा हजार रुपये. जळगावपासून चाळीस किलोमीटरच्या पुढे गेलं की गाडीभाडं वेगळं. तेवढ्यात स्त्री-पुरुष समानतेचे चार लघुपट, प्रोजेक्टर, बारा फूट रुंदीचा पडदा, दोन स्पीकर, इन्व्हर्टर आणि चर्चा घेणारी दोन माणसं येतात, एक बाई आणि एक पुरुष. लघुपट या सेवेच्या निर्मातीने स्वतःच केलेले आहेत, गावात फिरून दाखवण्यासाठीच. ग्रामसंघ (गावातल्या बचत गटांचा संघ) किंवा ग्रामपंचायत यांनी हा खर्च करावा का, असं कुणी विचारलं तर उत्तर हो असं आहे. मात्र काही गोष्टी आधी वाजवून घ्याव्या लागतात.

सगळ्यात आधी भाषा. लघुपट मराठी आणि अहिराणी अशा दोन रूपांत मिळतात. धुळे, शिरपूर, अमळनेर, पारोळा या पट्ट्यात अहिराणी रूपच मागवा. आईच्या तोंडून 'मन्ही आंडेर' असं येतं तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माना हलवतात, तो परिणाम 'माझी मुलगी'ने होत नाही. पण रावेर, यावल, फैजपूरकडे लेवा बोली चालते. तिथे अहिराणी लावली की लोकांना ती परकी वाटते, आणि तरुण मुलं संवादांवर हसायला लागतात. तिथे सरळ मराठी लावा. धडगावच्या पावरी आणि नवापूरच्या मावची या आदिवासी बोली बोलणाऱ्या वस्त्यांसाठी या सेवेकडे अजून काही नाही, आणि ही मोठी उणीव आहे. तिथे मराठी लघुपट चालवून दर पाच मिनिटांनी कुणी बोलीत सांगत बसलं तर लघुपटाचा जीवच जातो.

चारही लघुपटांत उजवा आहे तो कापूस वेचणीचा. बावीस मिनिटांचा. ओटी बांधलेली बाई दिवसभर वेचते, बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा फाटलेल्या, संध्याकाळी ताणकाट्यावर गाठोडं चढतं, आणि वहीत वजन लिहिलं जातं ते नवऱ्याच्या नावापुढे. कॅमेरा त्या पेन्सिलीवर थांबतो आणि अकराव्या मिनिटाला पडदा काळा होतो. ही थांबण्याची जागा निर्मातीने लघुपटातच बांधलेली आहे, आणि साऱ्या संचातला सगळ्यात शहाणा निर्णय तोच. दिवे लागतात, प्रश्न एकच विचारला जातो: आता या पैशाचं काय होईल? दहा मिनिटं लोक बोलतात, मग उरलेला भाग. संपूर्ण दाखवून शेवटी 'काय शिकलात' विचारलं की लोक शाळेतल्यासारखी उत्तरं देतात. मध्ये थांबवलं की स्वतःच्या घरातलं बोलतात.

गर्भलिंग निवडीवरच्या लघुपटातही एक गोष्ट जपलेली आहे. मुलगा की मुलगी हे डॉक्टर कोणत्या खुणेने सांगतो, ते कुठेच दाखवलेलं नाही. असे बरेच लघुपट ती खूणच ठळक दाखवतात आणि नकळत वाट शिकवतात. इथे कथा सासरच्या ओसरीवरच राहते, दवाखान्याचं फक्त दार दिसतं. १९९४ च्या कायद्याने शब्दाने, खुणेने, कोणत्याही प्रकारे लिंग सांगणं गुन्हा आहे, एवढं शेवटी एका वाक्यात येतं. जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. हा आकडा लघुपटात नाही, चर्चा घेणाऱ्याने तो जरूर सांगावा. आपल्या अंगणवाडीच्या पटावरचे मुलगे-मुली मोजून सांगितले तर त्याहून चांगलं.

जमिनीवरच्या लघुपटात मात्र चूक आहे. बहीण तलाठ्यासमोर सही करते आणि तिचा हिस्सा गेला, असं त्यात दाखवलंय. हक्कसोडपत्र, म्हणजे हिस्सा सोडल्याचा दस्त, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, तलाठी त्यावरून फेरफार घेतो. तलाठ्यापुढच्या नुसत्या सहीने वडिलोपार्जित हिस्सा सुटत नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे, आणि २००५ साली वडील हयात असले पाहिजेत ही अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. लघुपट पाहून एखादी बाई 'माझी तर सही झालीय' म्हणून गप्प बसली तर नुकसान लघुपटाने केलं असं होईल. निर्मातीने हा प्रसंग बदलायलाच हवा. तोवर हा लघुपट लावला तर दुरुस्ती माइकवरून सांगायला लावा.

आता सामान. प्रोजेक्टर पुरेसा उजेडाचा आहे, पण पूर्ण अंधार पडल्याशिवाय चित्र फिकट दिसतं. मे महिन्यात पावणेआठच्या आत सुरू करू नका. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, त्यामुळे हातात सव्वादोन तास राहतात. त्यात दोन लघुपट आणि चर्चा बसते. चारही लावायचा हट्ट केला की चर्चा कापली जाते, आणि पैसे तिथेच बुडतात. लाउडस्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातून आयोजकांनीच काढायची असते, सेवा ती काढत नाही.

वीज हा खरा घोळ. शेतीपंप सुरू झाले की गावातलं व्होल्टेज खाली येतं आणि प्रोजेक्टर बंद पडतो. दिव्याचा प्रोजेक्टर असा अचानक बंद झाला तर पंखाही थांबतो, आतली उष्णता आतच राहते, दिव्याचं आयुष्य घटतं आणि पुन्हा सुरू व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात निम्मी माणसं उठतात. म्हणून पहिल्यापासून इन्व्हर्टरवरच चालवायला सांगा. प्रोजेक्टर, स्पीकर, लॅपटॉप मिळून पाचशे वॅटच्या आसपास भार पडतो. दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी चांगली असेल तर दोन तास निघतात, जुनी असेल तर तासाभरात मान टाकते. बॅटरी किती वर्षांची आहे हे फोनवरच विचारा. प्रोजेक्टर गोधडीच्या घडीवर ठेवू देऊ नका, खालचे झरोके बुजतात. टेबल द्या.

आवाजातही खोट आहे. पार्श्वसंगीत बंद सभागृहासाठी बसवल्यासारखं भरगच्च आहे, उघड्या चौकात संवाद त्यात बुडतात. मिक्सरवर बास बराच खाली घ्या, स्पीकर स्टँडवर डोक्याच्या वर जातील असे उभे करा आणि श्रोत्यांकडे किंचित झुकवा. सुरुवातीला वही गायनाचा, म्हणजे खानदेशी लोकगायनाचा, तुकडा आहे, डफाच्या ठेक्यावर. तो मात्र मोठ्यानेच वाजू द्या, माणसं त्यानेच जमतात. पडद्यापासून साठ-सत्तर फुटांच्या पलीकडे कुणाला बसवू नका. वारा असेल तर पडद्याच्या खालच्या कड्याही बांबूला बांधा, नाहीतर चेहरे लाटांसारखे हलतात.

बसण्याची मांडणी सेवेवर सोडू नका. ताडपत्री पुढे बायकांसाठी अंथरली तरी पहिल्या तीन रांगा पोरं बळकावतात. त्यांना आधी लहान मुलांचा दहा मिनिटांचा भाग दाखवून पारावर दुसऱ्या कुणाबरोबर बसवा. चर्चेला बायका आणि पुरुष वेगळे करा. सासूच्या मांडीला मांडी लावून बसलेली सून तोंड उघडत नाही. याचसाठी दोन माणसं येतात, त्यांचा उपयोग करून घ्या.

पुरुषांच्या गटात घेतला जाणारा चित्रांचा खेळ फार उपयोगाचा आहे. पाणी भरणं, शेण काढणं, भाकरी, डबा, म्हाताऱ्याचं औषध, अशी चोवीस कामांची चित्रं जमिनीवर मांडतात आणि प्रत्येकाच्या हातात हरभऱ्याचे दाणे देतात. काल जे काम केलं त्या चित्रावर दाणा ठेवायचा. 'काल' हा शब्द पक्का धरा. 'घरात कोण करतं' विचारलं की सगळे 'दोघं मिळून' म्हणतात. काल विचारलं की भाकरीचं चित्र रिकामं राहतं आणि सगळ्यांना ते दिसतं. दाणे उचलायची घाई करू नका, पाच मिनिटं तसेच राहू द्या.

कागदपत्रांत सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत मागा. जाहीर प्रदर्शनाला ते लागतं, आणि भाषांतरित रूपाला स्वतंत्र लागतं, म्हणून अहिराणी रूपाचं वेगळं पाहा. चर्चेत एखादी बाई किंवा मुलगी घरातल्या मारहाणीबद्दल किंवा ठरलेल्या लग्नाबद्दल बोलली तर पुढे काय, हे आधी ठरवून ठेवा. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे मदतीचे क्रमांक भिंतीवर लिहा. आशाताई आणि अंगणवाडीसेविका समोर असाव्यात. ग्रामसेवकही (आता ग्रामपंचायत अधिकारी) हवाच, कारण गावात बालविवाह प्रतिबंध अधिकारी तोच असतो. सेवेची माणसं रात्री सामान बांधून निघून जातात, ती मुलगी गावातच राहते.

तारीख कापूस वेचणीच्या भरात घेऊ नका, बायका थकून आलेल्या असतात आणि आठ वाजता चुलीपुढे असतात. यात्रेच्या दिवसातही नको. बालविवाहाचा लघुपट आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तीन-चार आठवडे आधी लावा. त्या मुहूर्तावर लग्नं लागतात, ती ठरायच्या आत तो दिसला पाहिजे. माहेरवाशिणी आखाजीला येतात तेव्हा झोके, गौराईची गाणी सुरू असतात, त्या दिवसांत जमिनीचा लघुपट चांगला रंगेल, चूक दुरुस्त झालेली असेल तर. या महिन्यांच्या तारखा लवकर भरतात. होळीच्या आत फोन करा, आणि फोनवर बॅटरी, बोली आणि सोबत येणाऱ्या बाईचं नाव हे तिन्ही विचारून घ्या. ऐन वेळी दोन्ही पुरुष आले तर तारीख पुढे ढकला.