गाळाच्या पाण्यात बीसीडी: जाकीट चांगलं, बटण दगाबाज

गोसीखुर्दसारख्या धरणात बीसीडी, म्हणजे पाणबुड्याचं हवा भरून तरंगणं सांभाळायचं जाकीट, वापरायचं असेल तर उचल किती, खिसे किती हे मागून बघा. आधी इन्फ्लेटरचं, म्हणजे सिलिंडरची हवा जाकिटात सोडणाऱ्या भागाचं, बटण घरी खोलता येतं का ते विचारा. माझ्या जाकिटाचं बटण पावसाळ्यानंतर एकदा दाबलं की आतच अडकू लागलं, अन् हवा भरतच राहते. दहा मीटरवरची हवा वर येईतो दुप्पट फुगते, माणूस सुटतोच वर. अशा वेळी पहिल्यांदा सिलिंडरकडून इन्फ्लेटरला येणारी कमी दाबाची नळी ओढून सोडवायची, मग हवा काढायची. नळी तशीच ठेवून हवा काढत बसलं तर जाते तेवढी परत भरते.

सर्व्हिसवाल्यांचं म्हणणं: अख्खा इन्फ्लेटर बदला, जाकीट कुरिअरनं पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा. काहून बाप्पा? आत नुसता मेणासारखा गाळ होता. नळी काढून आतल्या झडपेची पिन सोडवली, कोमट पाण्यात धुतली, ओ-रिंगला (रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीजचा पुसट हात दिला, बटण मोकळं. टायरची पिन काढायची चावी या कामाला चालते. टायरची पिन मात्र बसवू नका, तिची स्प्रिंग वेगळी असते. जोडल्यावर जमिनीवरच सिलिंडर लावून बटण पुन्हापुन्हा दाबून बघा. 'गोडं पाणी आहे, धुवायची गरज नाही' हे दुकानदाराचं वाक्य विसरा.

बुडायला लागणाऱ्या शिशाच्या वजनांचे खिसे जाकिटातच आहेत, हे आधी फार सोयीचं वाटलं. आता मत फिरलं. वेल्क्रोत शेवाळ अडकलं की पकड जाते, अन् गाळात पडलेलं शिसं कोण शोधतं? शिसं ओवायचा साधा रबरी कंबरपट्टा स्वस्त अन् बरा. मालवणच्या समुद्रात जुळवलेलं वजनही इथं जसंच्या तसं लावू नका: गोडं पाणी अडीच टक्के हलकं, म्हणून सामानासकट शंभर किलोच्या माणसाला अडीच किलो शिसं कमी पुरतं. तपासायचं ते सिलिंडरमध्ये 50 बार दाब उरल्यावर. भरलेल्या सिलिंडरमधली हवाच अडीच किलोच्या वर भरते.

विंग, म्हणजे फक्त पाठीवर फुगणारं बीसीडी, घ्यावं का? तळाशी आडवं राहायला तेच सरस, फिन (पायातले वल्हे) गाळाला लागत नाहीत. पण पाण्यावर थांबून दोरी धरायची असेल तर विंग तोंडावर ढकलतं, तिथं जाकीट.

गळती बघायला जाकीट पूर्ण फुगवून रात्रभर ठेवतात. मे महिन्यात टिनाच्या शेडात दिवसाच फुगवून ठेवू नका: उन्हानं हवा फुगून जास्तीची झडपेतून निघते, पहाटे जाकीट ढिलं दिसतं अन् चांगली झडप उगाच बदलली जाते.