अकरावीचा मानसशास्त्र परिचयवर्ग : दृष्टिकोन बेताचे, संशोधननीती उत्तम

मुलीने अकरावीला मानसशास्त्र घेतले, तेव्हा महाविद्यालयातील तासांना जोड म्हणून आम्ही तिचे नाव एका खासगी संस्थेच्या ऑनलाइन परिचयवर्गात नोंदवले. आठ रविवार, दीड तासाचे प्रत्येक सत्र आणि शुल्क २,४०० रुपये. शिकवणे मराठीतून होते आणि संज्ञा मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून दिल्या जातात. तिच्या शेजारी बसून मीही बहुतेक सत्रे ऐकली.

पहिली चार सत्रे मानसशास्त्रातील दृष्टिकोनांवर होती आणि ती बेतास बात वाटली. जर्मन मानसशास्त्रज्ञ व्हुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा काढली, तेथून सुरुवात करून मनोविश्लेषण, वर्तनवाद, मानवतावाद, बोधनिक (विचार, स्मरण अशा प्रक्रियांवर भर देणारा) आणि जैविक असे सगळे दृष्टिकोन ओळीने येतात. मात्र प्रत्येकाची मांडणी प्रवर्तक, साल, गुण आणि मर्यादा या चार रकान्यांतच अडकून पडते. एकाने स्वतःच्या मनात डोकावून सांगितलेला अनुभव दुसऱ्याला पडताळून पाहता येत नाही, म्हणून १९१३ मध्ये वर्तनवादाचे प्रवर्तक वॉटसन यांनी अंतर्निरीक्षण नाकारून निरीक्षणक्षम वर्तनाचा आग्रह धरला. हे कारण न सांगता केवळ साल पाठ करून घेतले, तर वर्तनवाद हा मुलांना एक विक्षिप्त हट्ट वाटतो. परीक्षेची भीती हे एकच उदाहरण घेऊन ते पाचही दृष्टिकोनांतून तपासले असते, तरी बरेच काही साधले असते. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला, याचा साधा उल्लेखही आला नाही.

पाचव्या रविवारी शिक्षिका बदलल्या आणि वर्गाचा नूरही. संशोधननीतीची, म्हणजे संशोधन करताना पाळायच्या नैतिक नियमांची, सुरुवात त्यांनी व्याख्येने केली नाही. स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसे हवी आहेत, तासाभराचे काम आहे, मानधन मिळेल, असे निवेदन वाचून दाखवून कोण कोण येईल, असे त्यांनी विचारले. जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. मग त्यांनी अशाच निवेदनातून माणसे बोलावून स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी येल विद्यापीठात केलेला प्रयोग सांगितला : सहभागींना वाटत होते की चुकलेल्या उत्तरासाठी आपण पलीकडच्या माणसाला विजेचा झटका देत आहोत, प्रत्यक्षात झटका बसतच नव्हता, तो माणूस ठरवून भिंतीवर हात आपटत होता, आणि तरीही १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालानुसार ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या कळीपर्यंत गेले. “तुम्ही मघाशी होकार दिलात, तो नेमका कशाला?” हा त्यांचा प्रश्न ऐकून वर्ग गप्प झाला. माहितीपूर्ण संमती, म्हणजे कशात भाग घेतो आहोत हे समजून दिलेला होकार, म्हणजे काय, हे त्यानंतर निराळे सांगावे लागले नाही.

विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवणारा स्टॅनफर्डचा तुरुंगप्रयोग त्यांनी थोडक्यात आटोपला, आणि ते योग्यच झाले. तो मुलांना आधीच ठाऊक असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांना त्यांनी अधिक वेळ दिला. अल्पवयीन सहभागीसाठी पालकांची संमती लागतेच, पण बारा ते अठरा वर्षांच्या मुलाची स्वतःची लेखी सहमतीही घ्यावी लागते, हे ऐकून सोळा वर्षांची मुले सावरून बसली. प्रात्यक्षिक वहीत लिहिल्या जाणाऱ्या ‘प्रयुक्त’ (ज्याच्यावर प्रयोग केला जातो तो) या शब्दावरही चर्चा झाली आणि ‘सहभागी’ हा शब्द वापरण्याचे ठरले.

सातव्या सत्रासाठी घरच्या कुणावर तरी शब्दस्मरणाचा छोटा प्रयोग करायचा होता. मुलीने आजीची निवड केली, साध्या मराठीत संमतीपत्र लिहिले आणि मधेच कधीही थांबता येईल, असे सांगितले. बाराव्या शब्दाला कुकरची तिसरी शिट्टी झाली, तशी आजी उठून गेली ती परत आलीच नाही. ही माघार मानायची की व्यत्यय, यावर वर्गात पंधरा मिनिटे वाद झाला. आपले गुण कुणाला कळू नयेत, असे आजीने बजावल्यामुळे मुलीने नोंदीत नावाऐवजी क्रमांक घातला होता.

एक तक्रार नोंदवणे भाग आहे. त्याच सत्राचे ध्वनिचित्रमुद्रण मुलांच्या नावांसह आणि घरच्यांच्या गुणांसह पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले गेले. आम्ही कळवल्यावर दोन दिवसांत ते काढून टाकण्यात आले. शेवटच्या रविवारी शिक्षिकांनी चूक मान्य केली आणि गोपनीयतेचा भंग कोठे व कसा झाला, हे मुलांकडूनच काढून घेतले. मला ते सत्र सर्वांत चांगले वाटले.

केवळ शेवटच्या चार सत्रांसाठी वेगळी नोंदणी करता येत नाही. तशी सोय झाल्यास निम्मे शुल्क देऊन तीच घ्यावीत. दृष्टिकोनांसाठी अकरावीचे पाठ्यपुस्तक पुरेसे आहे. नोंदणी करताना अर्जाचा शेवटचा परिच्छेद मात्र जरूर वाचा : ध्वनिचित्रमुद्रणास संमती आहे, या वाक्यापुढील चौकटीत अजूनही आधीच बरोबरची खूण केलेली असते.